एकशे एकोणतिसावा नंबर

दरवर्षी जून संपत आला की टीव्हीवर विम्बल्डनचं हिरवंगार गवत दिसू लागतं. पांढरेशुभ्र कपडे, टाळ्या वाजवणारे प्रेक्षक आणि शेवटी चषक उंचावणारा एक हसरा चेहरा. खेळातलं फारसं कळत नसलं तरी फेडरर, नदाल, जोकोविच, सेरेना आणि आपली सानिया ही नावं आपल्याला पाठ असतात. बक्षिसाचे आकडे पेपरात वाचून आपण तोंडात बोटं घालतो. मग चहाच्या कपाबरोबर कुणीतरी म्हणतंच, "आमच्या धाकट्याला टेनिसलाच घालावं म्हणतेय. नशीब काढेल पोरगा!"

मैत्रिणींनो, आज त्या चषकवाल्या चेहऱ्याबद्दल काही सांगणार नाही. त्याच्याबद्दल सगळेच लिहितात. आज ओळख करून द्यायची आहे ती एका वेगळ्याच खेळाडूची. त्याचं नाव कॉनर नायलंड. देश आयर्लंड. जागतिक क्रमवारीत तो सर्वांत वर पोहोचला तो १२९व्या क्रमांकापर्यंत. ही गोष्ट २०१० सालच्या नोव्हेंबर महिन्यातली.

एकशे एकोणतीस! ऐकल्यावर पहिली प्रतिक्रिया काय होते? "अरेरे, म्हणजे काही जमलं नाही वाटतं." पण जरा थांबा. आपल्या गावातली एखादी सुगरण जगात १२९वी आली असती, तर आपण तिची हत्तीवरून मिरवणूक काढली असती! आपल्या जिल्ह्याचा डॉक्टर जगातल्या पहिल्या दीडशेत असता, तर त्याच्या दवाखान्याबाहेर रांगा लागल्या असत्या, बंगला उभा राहिला असता. टेनिसमध्ये मात्र जगातला १२९वा माणूस स्वस्तातलं हॉटेल शोधत फिरतो, आणि महिन्याचा ताळेबंद मांडताना त्याच्या कपाळावर आठ्या पडतात. असं का व्हावं? आज हाच प्रश्न सोडवून बघू या.

कॉनरचा जन्म १९८१ सालचा, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा. तो वाढला मात्र आयर्लंडमधल्या लिमरिक शहरात. वडील गेलिक फुटबॉल खेळलेले. गेलिक फुटबॉल हा आयरिश लोकांचा अगदी आपला असा खेळ, आपल्याकडे कबड्डी-खोखो असावा तसा. थोरली बहीणही टेनिस खेळायची, देशासाठी खेळली. म्हणजे घरात खेळाचं वातावरण होतं. पण आयर्लंड हा जेमतेम पन्नास लाख वस्तीचा देश. पाऊस सदाचाच. लोकांचं वेड गेलिक खेळांचं आणि रग्बीचं. टेनिसवाल्याला तिथे फारसं कोण विचारतो? कॉनर पुढे इंग्लंडमधल्या शाळेत शिकला, मग अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात बर्कलीला गेला आणि तिथे इंग्रजी साहित्याची पदवी घेतली. मी स्वतः कला शाखेची, त्यामुळे हे वाचून मला उगाचच आनंद झाला! त्यानंतर, म्हणजे २००५ साली, तो पूर्णवेळ व्यावसायिक खेळाडू झाला.

आता हा व्यावसायिक टेनिसचा डोलारा कसा आहे, ते समजून घेऊ. सोपं करून सांगते. समजा, तीन मजल्यांची इमारत आहे. सगळ्यांत वरच्या मजल्यावर ग्रँडस्लॅम आणि टीव्हीवर दिसणाऱ्या मोठ्या स्पर्धा. मधल्या मजल्यावर 'चॅलेंजर' स्पर्धा. आणि तळमजल्यावर, कॉनरच्या काळात 'फ्यूचर्स' म्हणत त्या स्पर्धा. तळमजल्यावरची गर्दी प्रचंड. प्रत्येकाला जिना चढून वर जायचंय. वर जाण्याचं तिकीट म्हणजे क्रमवारीतले गुण. आणि हे गुण कायमचे नसतात. ते ५२ आठवडेच टिकतात. गेल्या वर्षी याच आठवड्यात मिळवलेले गुण यंदा त्याच आठवड्यात गळून पडतात. म्हणजे आजारपण आलं, पाय मुरगळला, घरात लग्नकार्य निघालं म्हणून महिनाभर घरी बसलात, तर तुम्ही होतात तिथेही राहत नाही. आपोआप खाली घसरता. आपल्या घरकामासारखंच आहे हे. काल केलेला स्वयंपाक आज मोजला जात नाही!

कॉनरच्या काळात तळमजल्यावरच्या सर्वांत लहान स्पर्धेची सगळी मिळून बक्षिसाची रक्कम असे १०,००० डॉलर. त्यात पहिल्या फेरीत हरणाऱ्याच्या हाती सव्वाशे डॉलरसुद्धा पडत नसत. पुढे २०१७ पासून ही सर्वांत लहान स्पर्धा १५,००० डॉलरची झाली. त्या तक्त्यात विजेत्याला मिळतात २,१६० डॉलर, म्हणजे साधारण एक लाख ऐंशी हजार रुपये. आणि पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला १५६ डॉलर, म्हणजे तेरा हजार रुपयांच्या आसपास. त्यातूनही कर कापला जातो.

बचत गटाच्या कामात आम्ही बायकांना पहिली गोष्ट शिकवतो ती ही, की गल्ल्यात आलेला पैसा म्हणजे नफा नव्हे. आधी माल, भाडं, गॅस, मजुरी वजा करा, मग बोला. तोच हिशेब इथे लावू. टेनिसपटू दर आठवड्याला वेगळ्या गावात, बऱ्याचदा वेगळ्या देशात. विमानाचं तिकीट त्याचं. हॉटेल त्याचं. जेवण, रॅकेटचं गटिंग, बूट, व्हिसा, औषधपाणी, सगळं त्याचं. प्रशिक्षक बरोबर न्यायचा तर त्याचंही तिकीट, त्याचंही हॉटेल, वर त्याची फी. आता सांगा, तेरा हजारांत काय काय बसवणार?

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने स्वतःच २०१३ सालचे आकडे तपासले होते. त्या वर्षी जगभरात साधारण १४,००० खेळाडू व्यावसायिक स्पर्धा खेळले. त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना एक डॉलरही मिळाला नाही. पुरुषांचा वर्षाचा सरासरी खर्च निघाला ३८,८०० डॉलर आणि बायकांचा ४०,१८० डॉलर, तोही प्रशिक्षकाचा खर्च न धरता. खर्चाची तोंडमिळवणी होण्यासाठी पुरुषाला जगात साधारण ३३६व्या आणि बाईला २५३व्या क्रमांकाच्या आत असावं लागत होतं. इथे नफ्याची गोष्टच नाही, नुसती बरोबरी! आणि पुरुषांच्या एकूण बक्षिसाच्या रकमेपैकी ६० टक्के रक्कम पहिले ५० जणच घेऊन जात होते. ताटात वाढलेलं बहुतेक सगळं पहिल्या पंगतीतच संपायचं. मागच्या पंगतींना पत्रावळ मिळायची, पण वाढपी पोचायचेच नाहीत.

कॉनर ही मागची पंगत ओलांडून बऱ्यापैकी पुढे आलेला माणूस. २०१० साली त्याने दोन चॅलेंजर स्पर्धा जिंकल्या, एक इस्राएलमधली आणि एक ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गची. मग क्रमांक झाला १२९. आता नियतीची गंमत बघा. ग्रँडस्लॅमच्या मुख्य फेरीत खेळाडू असतात बरोबर १२८! त्यातले १०४ जण क्रमवारीवर थेट जातात. १६ जण पात्रता फेरीतून येतात, आणि तीही साधी नाही, लागोपाठ तीन सामने जिंकावे लागतात. उरलेल्या ८ जागा आयोजकांच्या मर्जीच्या. त्यांना वाइल्ड कार्ड म्हणतात.

या आठ जागा कुणाला मिळतात? मुख्यतः यजमान देशाच्या मुलांना. ग्रँडस्लॅम आहेत चार आणि ती चार देशांकडे आहेत: ऑस्ट्रेलिया, फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिका. या देशांतले काही तर आपसात जागांची देवाणघेवाणही करतात. शिवाय स्पर्धेतून उरणारा पैसा त्या त्या देशाच्या टेनिस संघटनेकडे जातो आणि त्यातून त्यांच्या पुढच्या पिढीची मैदानं, प्रशिक्षक, शिष्यवृत्त्या उभ्या राहतात. आयर्लंडकडे ग्रँडस्लॅम नाही. भारताकडेही नाही. म्हणजे लंडनमधला मुलगा आणि समुद्रापलीकडच्या लिमरिकमधला मुलगा सारख्याच गुणवत्तेचे असले, तरी एकाला मागच्या दाराची किल्ली आहे आणि दुसऱ्याला नाही. हातात तीच रॅकेट असली म्हणून संधी सारखी होत नाही, मैत्रिणींनो.

तरीही २०११ च्या जूनमध्ये कॉनरने ते करून दाखवलं. विम्बल्डनची पात्रता फेरी मुख्य मैदानावर होत नाही, ती काही मैलांवरच्या रोहॅम्प्टनला होते. तिथे तीन सामने जिंकून तो मुख्य फेरीत गेला. बऱ्याच वर्षांत विम्बल्डनच्या पुरुष एकेरीत आयर्लंडचं नाव लागलं नव्हतं, ते त्याने लावलं. पहिल्या फेरीत समोर होता फ्रान्सचा आड्रियान मानारिनो. सामना पाच सेटपर्यंत रंगला. पाचव्या सेटमध्ये कॉनर ४-१ असा पुढे होता. जिंकला असता, तर पुढच्या सामन्यात समोर कोण होतं, ठाऊक आहे? खुद्द रॉजर फेडरर! पण तो ४-१ वरून सामना हरला आणि फेडररशी खेळायला गेला मानारिनो. वर्षानुवर्षांची मेहनत, आणि हातातोंडाशी आलेला घास गेला.

दोन महिन्यांनी अमेरिकन ओपन. पुन्हा पात्रता फेरीतून वर. आणि या वेळी पहिल्याच फेरीत जगातला पहिल्या क्रमांकाचा नोव्हाक जोकोविच! न्यू यॉर्कचं ते जगातलं सर्वांत मोठं टेनिस स्टेडियम. आयुष्यभर ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस उगवला आणि कॉनरला झाली अन्नातून विषबाधा. ०-६, १-५ अशा अवस्थेत त्याला माघार घ्यावी लागली. पुढे कमरेच्या सांध्याच्या दुखण्याने उचल खाल्ली आणि २०१२ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, तो निवृत्त झाला.

हे वाचून "बिच्चारा" म्हणून पान उलटू नका. याच माणसाने पुढे आयर्लंडच्या डेव्हिस करंडक संघाचं नेतृत्व केलं. आणि २०२४ साली आपल्या अनुभवांवर पुस्तक लिहिलं, 'द रॅकेट'. आपल्या मराठीतही रॅकेट शब्दाचे दोन अर्थ आहेत ना? एक हातात धरायची आणि दुसरी पोलीस उघडकीला आणतात ती! त्या वर्षीचा ब्रिटनमधला खेळावरच्या पुस्तकांचा मानाचा विल्यम हिल पुरस्कार या पुस्तकाला मिळाला. चषक उंचावणाऱ्यांच्या गर्दीत न जिंकलेल्याने लिहिलेलं पुस्तक लोकांना इतकं भिडलं, यातच काय ते आलं. त्यात पैशांच्या ओढाताणीबरोबर एकटेपणाबद्दलही त्याने मोकळेपणाने लिहिलं आहे. ज्यांच्यासोबत नाश्ता करायचा, त्यांच्याच विरुद्ध दुपारी खेळायचं. मित्र कुणाला म्हणणार?

कुणी म्हणेल, "बाई, खेळ म्हटलं की एक जिंकणार आणि बाकीचे हरणारच. त्यात एवढं काय?" कबूल. पण खालच्या मजल्यावरच्या या ओढाताणीचे परिणाम सगळ्या खेळाला भोगावे लागतात. टेनिसमधल्या गैरप्रकारांची चौकशी करायला नेमलेल्या स्वतंत्र समितीचा अहवाल २०१८ साली आला. समितीने ३,२०० हून जास्त खेळाडूंना प्रश्न विचारले होते. त्यातल्या साडेचौदा टक्के खेळाडूंनी सांगितलं, की सामने ठरवून हरण्याचे प्रकार आम्हाला प्रत्यक्ष माहीत आहेत. आणि रोग सगळ्यात जास्त कुठे? खालच्या पातळीवर. सरळ आहे. जिंकून जेवढं मिळतं त्याच्या कितीतरी पट एखादा सट्टेवाला हरण्याचे देत असेल, तर विशीतल्या कर्जबाजारी पोराचा पाय घसरायला कितीसा वेळ लागणार? तो चुकला हे खरंच. पण ज्या व्यवस्थेने त्याला उपाशी ठेवून कोट्यवधींच्या सट्ट्याच्या तोंडी दिलं, तिला कुणी विचारायचं?

हे सगळं दूरदेशीचं आहे असं समजू नका. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये आपल्या सुमित नागलने जाहीरपणे सांगितलं, की आपल्या बँक खात्यात ९०० युरो उरलेत, म्हणजे सुमारे ऐंशी हजार रुपये. हा तेव्हाचा भारताचा पहिल्या क्रमांकाचा एकेरीतला खेळाडू! एक प्रशिक्षक बरोबर घेऊन फिरायचं तर वर्षाला ऐंशी लाख ते एक कोटी लागतात, असंही तो म्हणाला होता. चारच महिन्यांनी तो ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पात्रता फेरीतून आला आणि पहिल्या फेरीत मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला हरवलं. त्या एका विजयाने जवळपास एक कोटी रुपयांची निश्चिती झाली. जुलै २०२४ मध्ये तो ६८व्या क्रमांकापर्यंत पोहोचला. आपण टाळ्या वाजवल्या. पण ९०० युरोवाल्या दिवशी तो जर बॅग भरून झज्जरला घरी परत गेला असता, तर? असे किती जण परत गेले असतील, त्यांची नावं कुठल्या पेपरात येतात?

मुलींचं तर आणखी अवघड. वरच्या आकड्यांत पाहिलंत ना, खर्च बायकांचा जास्त आणि तोंडमिळवणी व्हायला नंबरही जास्त वरचा हवा. त्यात परक्या देशात एकटीने राहण्याची काळजी, आणि पंचविशी आली की "आता पुरे कर" म्हणणारे नातेवाईक. मूल होऊ द्यायचं तर वर्ष-दीड वर्ष खेळ बंद, उत्पन्न बंद. एक चांगली बातमी मात्र आहे. २०२५ च्या मार्चमध्ये महिला टेनिस संघटनेने खेळाडूंसाठी पगारी बाळंतपणाच्या रजेची योजना जाहीर केली, बारा महिन्यांपर्यंतची. तीनशेहून जास्त खेळाडू त्यात बसतात. पुरुषांच्या संघटनेनेही २०२४ पासून पहिल्या २५० खेळाडूंना किमान उत्पन्नाची हमी द्यायला सुरुवात केली. २०२४ साली ती होती पहिल्या शंभरांना वर्षाला तीन लाख डॉलर, १७५ पर्यंतच्यांना दीड लाख आणि २५० पर्यंतच्यांना ७५ हजार. बक्षिसातून तेवढे झाले नाहीत तर उरलेली रक्कम संघटना भरणार. कॉनरच्या वेळी हे असतं तर? १२९व्या नंबरला घरखर्चाची चिंता पडली नसती. पण २५१व्याचं काय, हा प्रश्न उरतोच.

मग पोरांना खेळू द्यायचं की नाही? जरूर द्यायचं! खेळाने अंगात रग येते, हार पचवायची सवय लागते. मला म्हणायचंय ते एवढंच, की डोळे उघडे ठेवून द्या. गल्लोगल्ली निघालेल्या अकादम्यांच्या फलकावर कायम पहिल्या नंबरचा फोटो असतो. फी भरण्याआधी तिथे विचारा, गेल्या दहा वर्षांत तुमच्याकडून किती मुलं बाहेर पडली आणि आज ती काय करतात? स्पर्धांचा, प्रवासाचा वर्षाचा खर्च कागदावर मांडून मागा. मंगळसूत्र मोडून, शेताचा तुकडा विकून फी भरताय, तर तो निर्णय नवरा-बायको दोघांनी बसून, किती वर्षं आणि किती रकमेपर्यंत हे ठरवून घ्या. बचत गटात कर्ज घेताना आपण एवढे प्रश्न विचारतोच की! आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे शिक्षण सोडवू नका. कॉनर नायलंडच्या कमरेने दगा दिला, तेव्हा त्याच्या गाठीला विद्यापीठाची पदवी होती. दुसऱ्या आयुष्याचं दार उघडं होतं.

दुसरी गोष्ट आपल्या जिभेची. पोरगी जिल्ह्यात चौथी आली की आपण विचारतो, "पहिली कोण आली?" राज्यात पंधरावी आली की नातेवाईक म्हणतात, "मग बक्षीस नाही का मिळालं?" तिची पहाटे पाचची उठाठेव, सोललेले गुडघे, हरल्यावर उशीत तोंड खुपसून रडणं, यातलं काहीच त्या प्रश्नात मावत नाही. पहिली येणारी एकच असते. पण ती पहिली ठरायला तिच्यासमोर कुणीतरी जीव तोडून खेळलेलं असतं.

सोलापूर, पुणे, नवी मुंबई इथे गेल्या काही वर्षांत महिलांच्या आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धा भरल्या आहेत. तिथे खेळायला येणाऱ्या बहुतेक मुलींची नावं आपण कधी ऐकलेली नसतात. कुणाचा नंबर तीनशे, कुणाचा सहाशे. पुन्हा अशी स्पर्धा तुमच्या आसपास भरली, तर एक दुपार काढा. बरोबर लेकीला न्या, सुनेला न्या. ओळखीचा चेहरा नसला म्हणून काय झालं? एखादी चांगला फटका मारेल तेव्हा मनापासून टाळ्या वाजवा. आणि जी हरून, स्वतःची बॅग स्वतःच उचलून बाहेर पडेल, तिच्यासाठी थोड्या जास्त वाजवा. पुढच्या गावाचं तिकीट ती बहुधा स्वतःच्याच पैशांनी काढणार असते.